उजव्या हृदयाची कैफियत
(नभोवाणीवरील भाषण)

रक्तदाब हा शब्द आतां कोणत्याहि सुशिक्षित घराला नवा नाहीं. आजोबांचा रक्तदाब वाढला, सासूबाईंना मीठ कमी करावें लागलें, डॉक्टरांनीं दंडाला पट्टा बांधून आंकडा सांगितला, ह्या गोष्टी पुण्यांतील जुन्या वाड्यांत आणि नव्या वसाहतींत सारख्याच परिचयाच्या आहेत. परंतु दंडाला बांधलेला तो पट्टा आपल्या शरीरांतील एकाच रक्तदाबाची वार्ता सांगतो. दुसराहि एक रक्तदाब आपल्या छातींत अहोरात्र नांदत असतो आणि त्याचा मागमूसहि ह्या पट्ट्याला लागत नाहीं. तो म्हणजे फुप्फुसांतील रक्ताचा दाब. तो वाढला म्हणजे काय होतें, त्याविषयीं गेल्या सव्वाशें वर्षांत शास्त्रज्ञांनीं काय शोधून काढलें, त्या शोधांत खुद्द रुग्णांचा वांटा किती, आणि आपल्या शहरांतील एखाद्या कुटुंबानें त्यांतून काय घ्यावें, हें आज सांगावयाचें आहे.

हृदय एकच आहे असें आपण बोलतों. कामाच्या दृष्टीनें मात्र तीं दोन आहेत. डावें हृदय शुद्ध रक्त मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोंचवितें. उजवें हृदय अंगभर फिरून आलेलें रक्त शेजारच्याच फुप्फुसांत ढकलतें, आणि तेथें प्राणवायु घेऊन तें रक्त डावीकडे येतें. दोन भावांपैकीं एकानें डोंगरमाथ्यावर पाणी चढवावें आणि दुसऱ्यानें तें अंगणांतल्या अंगणांत शिंपावें, तशी ही वांटणी आहे. म्हणून डाव्या हृदयाची भिंत जाड आणि उजव्याची पातळ. निरोगी माणूस स्वस्थ पडला असतां त्याच्या फुप्फुसधमनींतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें १४ मिलिमीटर इतकाच असतो. १९७३ पासून २५ हा आंकडा रोगाची सीमा मानला जात असे. २०१८ सालीं फ्रान्समधील नीस येथें भरलेल्या जागतिक परिषदेंत ती सीमा २० वर आणावी असें सुचविण्यांत आलें, आणि पुढें तेंच रूढ झालें.

फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्या, त्यांत रक्ताच्या गांठी अडकून राहिल्या, किंवा डाव्या हृदयाच्या दोषामुळें रक्त मागें तुंबूं लागलें, कीं हा दाब चढतो. अंगणांत पाणी शिंपणाऱ्या भावावर डोंगर चढण्याची पाळी येते. तो कांहीं काळ मुकाट्यानें जोर लावतो, फुगतो, आणि अखेर थकतो. ह्या रोगांत पुष्कळदां मृत्यु येतो तो उजवें हृदय हरल्यामुळें.

ह्या रोगाचें दुर्दैव असें कीं, त्याचें पहिलें लक्षण अगदींच सामान्य आहे. दम लागतो. पर्वतीच्या पायऱ्या सहज चढून जाणाऱ्या बाईला वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोंचतांना कठड्याला धरून उभें राहावें लागतें. पुढें थकवा येतो, छाती धडधडते, पायांवर सूज चढते, चालतां चालतां घेरी येते. प्रत्येक लक्षणाला घरांत एक तयार नांव असतें. रक्त कमी असेल, दमा असेल, वजन वाढलें असेल, बाळंतपणाचा अशक्तपणा असेल. आणि कांहींच न सांपडलें तर तें मनाचें असेल. त्यांतून, ज्या प्रकाराचें कारण सांपडत नाहीं तो प्रकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. घरांतील बाई घटकाभर टेकते आणि पुन्हां कामाला लागते; तिच्या दमाला रोग म्हणण्याची आपल्याकडे फारशी रीतच नाहीं.

आतां शोधाच्या इतिहासाकडे वळूं. १८९१ सालीं जर्मन वैद्य अर्न्स्ट फॉन रॉम्बर्ग ह्यांनीं एका शवविच्छेदनांत फुप्फुसांतील धमन्या कठीण झालेल्या पाहिल्या. कारण मात्र त्यांना सांगतां आलें नाहीं. जिवंत माणसाच्या छातींतील हा दाब मोजावयाचा कसा? १९२९ सालीं एबर्सवाल्ड येथील इस्पितळांतील वर्नर फोर्समान नांवाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरानें स्वतःच्या हाताच्या शिरेंतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली, आणि तशाच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन तिचें छायाचित्र घेतलें. त्या वेळीं त्याच्या वांट्याला कौतुकापेक्षां रोषच अधिक आला. पुढें न्यूयॉर्कमध्यें आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स ह्यांनीं ती युक्ति शास्त्रीय मापनाच्या योग्यतेस नेली, आणि १९५६ सालीं तिघांनाहि नोबेल पारितोषिक मिळालें. १९५१ सालीं न्यूयॉर्कच्याच डेव्हिड ड्रेस्डेल ह्यांनीं अशा मापनाच्या आधारें ह्या रोगाचें स्वतंत्र वर्णन केलें. आजहि रोगाचा पक्का निर्णय ह्याच नळीनें होतो. ध्वनिलहरींनीं काढलेलें हृदयाचें चित्र, ज्याला आपण 'इको' म्हणतों, तें संशयाची जागा दाखवितें; अखेरचा निर्णय तें देऊं शकत नाहीं.

पुढचें पाऊल पडलें तें एका आपत्तीमुळें. १९६५ सालीं स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व पश्चिम जर्मनी ह्या देशांत भूक मारून वजन उतरविणारें ॲमिनोरेक्स नांवाचें औषध विक्रीस आलें. दोनएक वर्षांत तेथील इस्पितळांतून फुप्फुसांतील रक्तदाबाचे रुग्ण पूर्वींपेक्षां कितीतरी पटींनीं वाढलेले दिसूं लागले. १९६८ सालीं तें औषध बाजारांतून काढून घेण्यांत आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७३ सालीं जिनीव्हा येथें ह्या रोगावरील पहिली परिषद भरविली ती ह्याच घटनेमुळें. १९८१ सालीं स्पेनमध्यें दुसरी आपत्ति ओढवली. कारखान्यांसाठीं आणलेलें दूषित मोहरीवर्गी तेल खाद्यतेल म्हणून विकलें गेलें आणि सुमारें वीस हजार लोक आजारी पडले. त्यांतील कांहींना पुढें हा रोग जडला. त्या तेलामुळें ह्या रोगानें दगावलेल्या पहिल्या बालकाच्या स्मरणार्थ ५ मे हा दिवस आतां जगभर ह्या रोगाचा दिवस म्हणून पाळला जातो.

त्याच १९८१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें एक साधें दिसणारें पण फार मोलाचें काम हातीं घेतलें. तिनें ह्या रोगाची एक नोंदवही उघडली. अनेक रुग्णालयें मिळून १८७ रुग्ण नोंदले गेले. आंकडा लहान आहे. परंतु तोंपर्यंत कोणत्याहि एका डॉक्टरानें जन्मभरांत असे चार-दोनच रुग्ण पाहिलेले असत. रुग्णांचें सरासरी वय ३६ निघालें. पहिल्यानें दम लागला त्या दिवसापासून रोगाला नांव मिळेपर्यंत सरासरी दोन वर्षें गेलेलीं होतीं. आणि नांव मिळाल्यानंतर निम्मे रुग्ण तीन वर्षेंहि पाहूं शकले नाहींत. हा मध्यम आयुष्यकाळ २.८ वर्षांचा निघाला. हे दोन आंकडे, दोन वर्षें आणि २.८ वर्षें, श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावेत. पुढच्या सर्व प्रगतीचें माप ह्यांवरच घ्यावयाचें आहे.

रोग विरळा असला म्हणजे रुग्णाच्या वांट्याला आणखी एक दुःख येतें, तें एकटेपणाचें. फ्रान्समधील पाहणींत ह्या रोगाच्या धमनीजन्य प्रकाराचे रुग्ण दहा लाख प्रौढांमागें सुमारें १५ आढळले. तेंच प्रमाण येथें लावलें, तर २०११ च्या खानेसुमारींत एकतीस लाख वस्ती असलेल्या पुण्यांत असे तीस-चाळीसच रुग्ण असावयाचे. एक कोथरुडांत, एक हडपसरला, एक येरवड्याला; एकमेकांची गांठ पडणार कशी? हीच अडचण अमेरिकेंतहि होती. १९९१ च्या सुमारास फ्लॉरिडांत ह्या रोगाशीं संबंध आलेल्या चार स्त्रिया एका स्वयंपाकघरांतील टेबलाभोवतीं बसल्या. त्यांच्याजवळ ना पैसा होता ना वैद्यकाची पदवी. ज्यांना हा रोग आहे त्यांनीं एकमेकांस पत्रें लिहावीं, अनुभव कळवावे, एवढाच त्यांचा प्रारंभींचा हेतु होता. त्या बैठकींतून रुग्णांची जी संस्था उभी राहिली, ती पुढें संशोधनाला पैसा पुरवूं लागली, डॉक्टरांच्या परिषदा भरवूं लागली, आणि औषधांच्या कसोटीसाठीं रुग्ण व संशोधक ह्यांची गांठ घालूं लागली. विरळ्या रोगांत ही गांठ पडल्यावांचून कसोटी होत नाहीं, आणि कसोटीवांचून औषध सिद्ध होत नाहीं.

पहिल्या औषधाची कथा ह्या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. १९७६ सालीं इंग्लंडांत जॉन व्हेन, साल्व्हादोर मोन्कादा व त्यांचे सहकारी ह्यांना आपल्याच रक्तवाहिन्यांत तयार होणारा व वाहिन्या सैल करणारा एक पदार्थ सांपडला. त्यापासून एपोप्रोस्टेनॉल हें औषध झालें. तें रक्तांत कांहीं मिनिटेंच टिकतें. म्हणून छातींत बसविलेल्या नळीवाटे लहानशा पंपानें तें रात्रंदिवस द्यावें लागतें. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या कसोटींत ८१ रुग्ण होते. बारा आठवड्यांत ८ रुग्ण दगावले, आणि ते आठहि नवें औषध न मिळालेल्या गटांतील होते. ज्या रुग्णांनीं आपण कोणत्या गटांत पडणार हें ठाऊक नसतां त्या कसोटीला संमति दिली, त्यांचें ऋण पुढील प्रत्येक रुग्णावर आहे. ज्यांना औषध पुरें पडत नसे त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग ह्यापूर्वींच उघडला होता. ९ मार्च १९८१ रोजीं स्टॅनफर्ड येथें मेरी गोल्की ह्या ह्याच रोगाच्या रुग्ण स्त्रीवर हृदय व फुप्फुसें एकत्र बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली आणि पुढें ती पांच वर्षें जगली.

त्यानंतर पोटांत घेण्याचीं औषधें आलीं. १९८८ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं एंडोथेलिन हा वाहिन्या आवळणारा पदार्थ शोधला होता. त्याला अडविणारें बोसेंटन २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. २००५ सालीं सिल्डेनाफिलला ह्या रोगासाठीं मान्यता मिळाली. हें औषध निराळ्याच कारणासाठीं लोकांना ठाऊक आहे, आणि त्यामुळें औषधाच्या दुकानांत चिठ्ठी पुढें करतांना एखाद्या तरुण मुलीला किंवा तिच्या वडिलांना नको त्या नजरा सोसाव्या लागतात. दुकानदारांनीं आणि गिऱ्हाइकांनीं एवढें समजून घ्यावें कीं, ती चिठ्ठी श्वासासाठीं आहे. आपल्या देशाच्या १९७० च्या कायद्याप्रमाणें २००५ पर्यंत औषधी पदार्थावर मक्तेदारी मिळत नसे. त्यामुळें अनेक देशी कारखान्यांनीं सिल्डेनाफिल स्वस्तांत तयार केलें, आणि आपल्याकडील मध्यम वर्गाला परवडण्यासारखा पहिला आधार मिळाला तो त्याचाच.

हीं सर्व औषधें आवळलेल्या वाहिन्या सैल करणारीं होतीं. जाड झालेल्या भिंतीचें काय, हा प्रश्न राहिलाच होता. २००० सालीं ज्या कुटुंबांत हा रोग पिढ्यान्पिढ्या चालतो, त्यांच्यांत एका विशिष्ट जनुकाचा दोष असल्याचें दिसून आलें. पेशींच्या वाढीला आवर घालणारा जो निरोप, तोच ह्या दोषामुळें क्षीण होतो, आणि वाढ करविणारा निरोप वरचढ ठरतो. ह्या ज्ञानाच्या आधारें तो वरचढ निरोप अडविणारें सोटाटरसेप्ट हें औषध पुढें आलें. तें दर तीन आठवड्यांनीं कातडीखालीं टोंचतात. ३२३ रुग्णांवरील त्याच्या कसोटीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले आणि मार्च २०२४ मध्यें अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. ह्या कसोटींत रुग्ण सहा मिनिटांत किती चालतो हें मोजतात. नव्या औषधानें तें अंतर सुमारें ४० मीटरनीं अधिक वाढलें. निरोग्याला ४० मीटर म्हणजे कांहींच नव्हेत. परंतु ज्याला स्वयंपाकघरांतून दारापर्यंत येतांना वाटेंत बसावें लागतें, त्याला ते घराबाहेर नेणारे आहेत.

आतां आपल्या देशाकडे येऊं, कारण येथें ह्या रोगाचें रूप थोडें निराळें आहे. १९५९ सालीं डॉ. पद्मावती व त्यांचे सहकारी ह्यांनीं दिल्लींतील १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळें उजवें हृदय निकामी झालेले हे रुग्ण होते. युरोपांत असे रुग्ण मुख्यतः धूम्रपान करणारे पुरुष. येथें मात्र स्त्रियांची संख्याहि लक्षणीय होती, आणि त्याचें एक कारण चुलीच्या धुरांत सांपडलें. पुण्यांतहि ह्या विषयावर महत्त्वाचें काम झालें आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स ह्यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें धूम्रपान न करणाऱ्यांच्या जुनाट श्वासरोगाकडे जगाचें लक्ष वेधलें. विडीला हात न लावतां ज्या आईनें तीस वर्षें चूल फुंकली, तिच्या उजव्या हृदयाचा हिशोब ह्या संशोधनानें प्रथम मांडला जाऊं लागला.

दुसरा मोठा अभ्यास आपल्या सैनिकांचा आहे. हवेंत प्राणवायु कमी झाला कीं फुप्फुसांतील वाहिन्या आवळतात, हें फॉन ऑयलर व लिल्येस्ट्रांड ह्यांनीं १९४६ सालीं मांजरांवरील प्रयोगांत दाखविलें होतें. सपाटीवर ही सोय हिताची असते, कारण ज्या भागांत हवा नाहीं तेथून रक्त दुसरीकडे वळतें. हिमालयांत मात्र दोन्ही फुप्फुसांतील सर्वच वाहिन्या एकदम आवळतात. १९६२ च्या युद्धांत सपाटीवरील जवान एकाएकीं उंच पहाडांत जाऊन पोहोंचले, आणि त्यांतील कित्येक श्वासाच्या विकारानें आजारी पडले. इंदर सिंग व त्यांचे लष्करी सहकारी ह्यांनीं १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि उंचीवरील फुप्फुसांच्या रक्तदाबावरहि त्यापूर्वीं १९६५ सालीं स्वतंत्र लेख लिहिला. ह्या विषयावरील जगांतील आधारभूत लेखनांत त्यांची गणना होते. १९४८ सालीं पुण्यांत स्थापन झालेलें लष्करी वैद्यकीय महाविद्यालय आणि वानवडी येथील सैन्याची हृदय व छातीच्या रोगांची संस्था ह्यांच्यामुळें पहाडांतील त्या आजाराशीं पुण्याचा संबंध जोडला गेला आहे. आज सीमेवर जवानाची छाती तपासणारा डॉक्टर पुष्कळदां येथेंच शिकलेला असतो.

तिसरी गोष्ट गणनेची. केरळांत ५० रुग्णालयांनीं मिळून २००३ रुग्णांची नोंद केली आणि २०१८ सालीं ती प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक रुग्णांत मूळ दोष डाव्या हृदयाचा होता. तात्पर्य, आपल्याकडील बराचसा रोग गूढ नाहीं. त्याचें कारण आधींच ठाऊक असलेलें, आणि कित्येकदां टाळतां येण्यासारखें असतें. लहानपणीं घसा दुखून सांधे सुजले, त्या संधिवाताच्या तापाकडे दुर्लक्ष झालें, हृदयाची झडप आकसली, आणि त्यामागून फुप्फुसांतील दाब चढला, ही साखळी पेनिसिलिननें तोडतां येते. बालकाच्या हृदयांतील मोठें छिद्र वेळेवर बुजविलें, तर मूल इतरांसारखें वाढतें. वर्षें जाऊं दिलीं तर फुप्फुसांतील वाहिन्या कायमच्या कठीण होतात, आणि मग तेंच छिद्र बुजविणें जिवावर बेततें. व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर ह्यांनीं अशा रुग्णाचें वर्णन १८९७ सालींच केलेलें आहे. मुलांची तपासणी करून असे दोष हुडकण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें सुरू झाला. शाळेंतून किंवा अंगणवाडींतून आलेली 'मुलाचें हृदय दाखवा' ही चिठ्ठी कोणीहि खिशांत ठेवून विसरूं नये.

ह्या सर्व प्रगतीचा ताळेबंद मांडावयाचा, तर ध्यानांत ठेवलेल्या त्या दोन आंकड्यांकडे पुन्हां पाहिलें पाहिजे. २००६ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या नव्या मोठ्या नोंदवहींत, निदानानंतर निम्मे रुग्ण जवळजवळ सात वर्षें जगलेले आढळले. २.८ वरून सात. ही कमाई औषधांची, आणि त्यांच्या कसोटीला उभ्या राहिलेल्या रुग्णांची आहे. परंतु त्याच नोंदवहींत पांचांपैकीं एका रुग्णाला रोगाचें नांव कळण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागलेला होता. म्हणजे नांव कळल्यानंतरचें आयुष्य वाढलें. नांव कळण्यापूर्वींची वाट मात्र पुष्कळांची तितकीच लांब राहिली. हा उशीर प्रयोगशाळा एकटी दूर करूं शकत नाहीं. तो घरांत आणि दवाखान्याच्या पहिल्या खोलींत होतो, आणि तेथेंच तो कमी व्हावयास हवा.

म्हणून कांहीं साध्या गोष्टी सांगतों. चढतांना लागणारा दम दोन-चार आठवड्यांत ओसरला नाहीं, रक्त पुरेसें आहे, दम्याच्या औषधानें उतार नाहीं, तर हृदयाचा 'इको' करावा काय हें डॉक्टरांना स्पष्ट विचारावें. विचारण्यांत त्यांचा अवमान नाहीं. चालतांना घेरी आली तर मुळींच थांबूं नये. फुप्फुसांत रक्ताची गांठ होऊन गेल्यावर तीन महिने औषध घेऊनहि दम राहिला, तर पुन्हां तपासणी झालीच पाहिजे. कारण त्या प्रकारांत वाहिन्यांतील जुन्या गांठी खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया आहे, ती आपल्या देशांतहि होते, आणि तिनें रोग बराहि होऊं शकतो. ज्यांना हा रोग आहे त्या स्त्रियांना गर्भारपण अतिशय धोक्याचें असतें. तें कुटुंबानें वेळेवर आणि दोष न देतां समजून घ्यावें. वजन उतरविणारीं औषधें कोणाच्या तरी सांगण्यावरून घेऊं नयेत. ॲमिनोरेक्सची कथा एवढ्यासाठींच सांगितली. आणि घरांत रुग्ण असेल, तर त्याला दुसऱ्या रुग्णाची भेट घडवून द्यावी. डॉक्टर औषध सांगतील. पण पंप उशाशीं ठेवून झोंप कशी घ्यावी, जिना टाळून संसार कसा करावा, सणावारीं पाहुण्यांना 'मला उठवत नाहीं' असें कसें सांगावें, हें ज्यानें भोगलें आहे तोच सांगूं शकतो. फ्लॉरिडांतील त्या चार स्त्रियांना हें उमगलें होतें.

डावें हृदय आपली तक्रार दंडावरच्या पट्ट्याला सांगतें आणि आपण ती लगेच ऐकतों. उजव्या हृदयाला असा पट्टा नाहीं. त्याची कैफियत माणसाच्या तोंडूनच यावयाची. दम लागतो असें घरांतील कोणी दोनदां बोललें, तर तिसऱ्यांदां बोलण्याची पाळी तिच्यावर आणूं नये, एवढीच श्रोत्यांना विनंति.